म्हशी असलेल्या घरातून व्हीगन मंडळ काढायचं तर

उदगीरहून एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "घरी तीन म्हशी आहेत, वडील डेअरीला दूध घालतात. मी स्वतः दूध-तूप सोडलंय. लातूर, उदगीर, अहमदपूर मिळून आम्ही आठ जण आहोत, पण ओळख फोनवरचीच. १ नोव्हेंबरला जागतिक व्हीगन दिन असतो, त्या दिवशी मोठा कार्यक्रम घ्यायचा आणि तिथेच मराठी मासिकाचा पहिला अंक काढायचा असं चाललंय. संस्था नोंदवावी का? मासिकाला परवानगी लागते का? आणि गावात हसं होऊ नये म्हणून काय करावं?"

अंबाजोगाईच्या बाजूला आमचं असंच एक व्हीगन मंडळ आहे, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, दूध-तूपही न खाणाऱ्यांचं. महिन्याला एक पंगत आणि जमेल तेव्हा एक पुस्तिका, एवढाच त्याचा पसारा. त्या अनुभवावरून सांगतो.

नोंदणी, परवानगी, तारीख यांची उत्तरं सोपी आहेत, ती पुढे येतील. मला तुमच्या प्रश्नातला पहिलाच भाग अवघड वाटला, आणि तुम्ही तो जाता जाता सांगून टाकलाय. घरी तीन म्हशी आहेत. म्हणजे उद्या तुम्ही जे छापाल ते सगळ्यात आधी तुमच्या वडिलांच्या हातात पडणार. दूध संकलन केंद्रावर सकाळी रांगेत उभं असताना कुणीतरी ते त्यांना दाखवणार: "बघा, तुमचं पोरगं काय म्हणतंय." माझ्या मते मंडळाची सगळी आखणी इथूनच करावी. कार्यक्रम असा हवा की वडील येऊन पंगतीला बसू शकतील, आणि अंक असा हवा की तो वाचताना त्यांना आपल्यावर खटला भरलाय असं वाटणार नाही. आमच्याकडे पंगतीचा बेत ठरवताना आणि छापायचा मजकूर निवडताना हाच एक निकष लावतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घराचा किती खर्च दुधावर चालतो? दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलातून किराणा भरत असाल तर एक गोष्ट, आणि म्हशी हौसेच्या असून पैसा सोयाबीन-तुरीचा असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या आठ जणांत घरच्या स्वयंपाकावर ज्यांचं चालतं असं कुणी आहे का? आठही जण लातूरच्या खोल्यांत राहून मेसचं जेवणारी क्लासची मुलं असतील, तर पंगत कोण रांधणार हा तुमचा पहिला प्रश्न असेल. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ओळख नसलेली माणसंही हॉलमध्ये जमतात. तालुक्याच्या गावात तसं होत नाही, तिथे माणूस कुणाच्या तरी ओळखीने येतो. यातलं तुम्हाला काय लागू आहे ते धरून पुढचं वाचा.

घरात काय बोलायचं

म्हशीवाल्याला दुधामागचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. वगार (मादी पारडू) झाली तर पेढे आणि हल्या (नर) झाला तर घर गप्प, हे त्याने स्वतःच्या गोठ्यात पाहिलेलं असतं. त्याला माहीत नसतं ते एवढंच, की यावर दुसरं काही करता येतं का. आणि खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्याकडेही त्याला द्यायला तयार उत्तर नाही. दुष्काळात पीक गेलं तरी दुधाचं बिल येतं, म्हणून मराठवाड्यात म्हैस दावणीला असते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी ज्यांनी जनावरं जगवली त्यांच्यासमोर आकडे फेकून काही उपयोग नाही.

"मग बैलांचं काय करायचं? देवणी, लाल कंधारी ही आपल्या भागातली जातच संपवायची का?" हा प्रश्न तुम्हाला हमखास येणार. पहिल्या भेटीत याचं उत्तर देऊच नका. "मला अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, मी माझ्या ताटापुरतं ठरवलंय," एवढं म्हणून थांबा. वाद जिंकल्यामुळे दूध सोडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. पंगतीत चव आवडली म्हणून घरी करून पाहणारे मात्र पुष्कळ पाहिलेत.

या बाबतीत आपल्याकडच्या माळकऱ्यांकडून शिकावं. लग्नाच्या पंगतीत कुणी आग्रह केला तर माळकरी माणूस गळ्यातल्या माळेला हात लावतो, "माळ आहे बरं का" म्हणतो आणि पुढची गोष्ट काढतो. ना भाषण, ना तोंड वाकडं करणं. शेजारच्याच्या ताटात काय आहे याकडे तो बघतही नाही, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. तुम्हीही "मी दूध-तूप घेत नाही, भाकरी-भाजी भरपूर वाढा" असं म्हणा. 'भरपूर वाढा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाढणाऱ्याला राग येतो तो नकाराचा नाही, त्याने केलेलं खाल्लं नाही याचा.

आधी पंगत

मोठा कार्यक्रम, बॅनर, पाहुणे हे सगळं बाजूला ठेवा. आठ जण एकदा जेवायला भेटा. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटा, प्रत्येकाने एकेकाला सोबत आणा. वार ठरलेला असू द्या. 'महिन्याचा दुसरा रविवार' असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की निरोप धाडायचं काम निम्मं होतं.

जेवणात सोया चाप आणि बदामाचं चीज आणू नका. ते महाग आहे, आणि ते बघून गावचा माणूस म्हणतो, "हे श्रीमंतांचं खूळ." आपल्याकडचं रोजचं जेवण मुळातच निम्म्याहून जास्त बिनदुधाचं आहे. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, येसराची आमटी, तुरीच्या सोल्यांची भाजी, अंबाडीची भाजी, वरणफळं, सुशीला, जवस आणि कारळ्याची चटणी, वर करडईचं तेल. पुरणपोळीसोबत दूध न वाढता गुळवणी वाढलं तर कुणाला काही वेगळं खाल्ल्यासारखंही वाटत नाही. पोळीला वरून तूप नको, एवढंच आचाऱ्याला सांगावं लागतं. आणि ते तीनदा सांगावं लागतं. आचारी तुमच्यासमोर मान डोलावतो, आणि ऐन वेळी वरणावर तुपाची धार धरतो, कारण त्याच्या हिशेबात तूप न वाढणं म्हणजे यजमानाची अब्रू घालवणं. तुपाचा डबा स्वयंपाकघरात येऊच दिला नाही तर प्रश्न मिटतो.

खरी अडचण चहाची आहे. मराठवाड्यात चहाशिवाय बैठक होत नाही, आणि कोरा चहा पुढे ठेवला तर पाहुण्याला वाटतं घरात दूध संपलं. आम्ही गवती चहा आणि आलं घातलेला गुळाचा कोरा चहा देतो. ज्यांना पांढराच हवा त्यांच्यासाठी सोयाबीनचं दूध. लातूरच्या बाजारात सोयाबीनला काय तोटा? किलोभर दाण्यात सहा-सात लिटर दूध होतं. लोक नाक मुरडतात ते त्या कच्च्या, शेंगट वासाला. तो वास दाणा गार पाण्यात भरडल्याने येतो. रात्रभर भिजवलेले दाणे सकाळी उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं टाका आणि गरम पाण्यातच वाटा, वास बराच मरतो. गाळल्यावर दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं, त्यामुळे इथे घाई करायची नाही. फेस सारखा वर येतो, पातेलं मोठं घ्या. चहा करताना आधी कोरा चहा उकळून गाळा आणि मग तो गरम सोया दुधात ओता. थंड दूध कडक चहात ओतलं तर फाटतं. उरलेला चोथा धपाट्यांच्या पिठात घाला.

दह्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या भागात वेळ अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा सण, मोठी असते आणि तिच्या बेतात अडतं ते नेमकं इथेच. भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी हे सगळं जमतं, आंबिलाला मात्र ताक लागतं. त्यासाठी शेंगदाण्याचं दही लावायचं. वाटीभर शेंगदाणे पाच-सहा तास भिजवून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. मंद आचेवर सतत हलवत उकळी आणा, हात थांबला की तळाला लागतं आणि करपट वास अख्ख्या दह्याला येतो. कोमट झालं की चार-पाच हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन त्यात बुडवून ठेवा. उन्हाळ्यात रात्रीत लागतं. थंडीत भांडं गोधडीत गुंडाळा, तरी सकाळ उजाडून वर दोन तास जातात. पहिलं दही जरा चिकट आणि सैल येतं, ते विरजण म्हणून वापरा. दुसरं-तिसरं लावलेलं दही घट्ट आणि आंबट येतं. ते घुसळून, लसूण-जिरं आणि मीठ घालून आंबिलात घाला. आमच्याकडे एका आजींनी दोन वाट्या पिऊन "म्हशीचं नाही वाटत, शेळीचं आहे का?" असं विचारलं होतं. याहून मोठं प्रमाणपत्र मला नको.

हुरड्यालाही पंगत जमते. दही सोडलं तर शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, सगळं चालतं. गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेला हुरडा व्हीगन म्हणायचा का, यावर आमच्यात एकदा तासभर वाद झाला होता. तोवर हुरडा गार झाला. असे वाद आपसात घाला, नव्या माणसासमोर नको.

जागा, आणि कोण आलं पाहिजे

जागा वाचनालयाची, शाळेची किंवा कुणाच्या शेतातली घ्या. देवस्थानचा हॉल फुकट मिळत असला तरी मी टाळतो, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' या पाटीला जातीचा वास आहे. मांसाहारी म्हणून खोली नाकारली गेलेला माणूस तुमच्या गावातही असेल. तुमचं मंडळ त्याच पाटीचं नवं रूप आहे असं एकदा लोकांना वाटलं की मुसलमान, बौद्ध, मातंग वस्तीतलं कुणी तुमच्याकडे येणार नाही, आणि त्यांचं न येणं बरोबरच असेल. आमच्या मंडळात यातल्या सगळ्या घरांतली माणसं आहेत. ती टिकली, कारण पंगतीत कुणाच्या घरात काय शिजतं हा विषय कुणी काढत नाही. शिवाय तुपाशिवाय ज्याचं पान हलत नाही त्या घरातला माणूस आणि बकरी ईदला कुर्बानी होते त्या घरातला माणूस, दोघांनाही इथे सारखंच काहीतरी सोडावं लागतं. ही बरोबरी मला मोलाची वाटते. शाकाहारी मंडळींना ती आधी थोडी झोंबते, कारण आपण निम्मी वाट आधीच चाललोय अशी त्यांची समजूत असते.

दुसरं म्हणजे गायीचं राजकारण. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा १९९५ चा, लागू झाला २०१५ मध्ये. तेव्हापासून म्हातारा बैलही कत्तलीसाठी विकता येत नाही म्हणून शेतकरी वैतागलेला आहे, आणि गायीच्या नावाने रस्त्यावर गाड्या अडवणारेही आहेत. तुमचं नाव झालं की अशा एखाद्या गटाकडून हॉल, मंडप, बॅनर, पैसे देऊ केले जातील. नम्रपणे नको म्हणा. गायीपुरती कळवळ आणि म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याबद्दल चकार शब्द नाही, अशा लोकांच्या मांडवात बसलात तर उस्मानाबादी शेळीवर पोट भरणारी बाई तुमचं का ऐकेल? आमच्या मंडळाने ठरवलंय की या कायद्यावर मंडळ म्हणून निवेदन काढायचं नाही, कुणाच्या मोर्च्यात मंडळाच्या नावाने जायचं नाही. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. आमच्यातल्याही दोघांना पटलं नव्हतं. पण लहान गावात मंडळ एकदा कुणाच्या बाजूचं झालं की त्याची पंगत मोडते.

कत्तलखान्याचे व्हिडिओ पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर तोही सोडा. शहरातल्या कॉलेजात त्याचा परिणाम होत असेल. इथे लोक उठून जातात, आणि लहान मुलं घेऊन आलेल्या बाया पुन्हा येत नाहीत.

१ नोव्हेंबरची तारीख

हा दिवस पाळायला १९९४ पासून सुरुवात झाली, इंग्लंडमधल्या व्हीगन सोसायटीला ५० वर्षं झाली म्हणून. तिकडे तो सोयीचा असेल. आपल्याकडे तेव्हा दिवाळी तोंडावर असते किंवा नुकती झालेली असते, सोयाबीनची रास व्हायची किंवा बाजारात न्यायची असते आणि हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. त्या दिवशी तुमच्या वडिलांना वेळ नसणार, आणि ज्यांना वेळ असेल ते सगळे शहरातले असतील. त्या दिवशी हवं तर आठ जण भेटा, फोटो काढा. लोकांना बोलवायचा कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत घ्या. फक्त वेळ अमावस्येच्या दिवशी नको, त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या शेतात असतो. तिच्या आधीच्या रविवारी घेतला तर 'बिनताकाचं आंबिल' पाहायला बायका नक्की येतील. त्या आल्या की घरात गोष्ट पोचलीच.

आता अंक

मासिक काढू नका. बारा अंकांचा शब्द दिला आणि तिसऱ्यावर बंद पडलं, अशी उदाहरणं मराठीत ढिगाने आहेत. त्यापेक्षा आपल्याकडे अनियतकालिकांची परंपरा आहे, ती धरा. मजकूर जमला की अंक.

पण एक गोष्ट तुमच्या डोक्यात बरोबर आहे, ती म्हणजे माणसं जमणं आणि छापणं एकमेकांना धरून असावं. डोनाल्ड वॉटसन या इंग्रज सुतारकाम शिक्षकाने नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हीगन चळवळीचं पहिलं पत्रक काढलं, तेव्हा त्याच्यामागे मोजकी चार-पाच माणसंच होती. इतक्या दूर जायचीही गरज नाही. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं त्रैमासिक १९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून सुरू केलं आणि कित्येक दशकं चालवलं. त्याच्या जोडीला लेखक-वाचकांचे मेळावे भरायचे, आणि कुठेच न छापून आलेली माणसं तिथे भेटायची आणि मग अंकात लिहायची. मुंबई-पुण्याकडे न बघता आपल्या गावातून छापता येतं, हे त्यांनी दाखवून दिलंय. तुमच्या पंगतीतल्या माणसांनी अंकात लिहावं आणि अंक वाचून नव्या माणसाने पंगतीला यावं, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं.

पहिल्या अंकात 'दूध का वाईट' हा लेख घालू नका. तुमच्यापैकी प्रत्येकाला तोच लिहायचा असेल, मला माहीत आहे. त्याऐवजी शेंगदाण्याच्या दह्याची कृती घाला. मेसमध्ये राहून दूध सोडलेल्या पोराने मेसवाल्या काकूंशी कसं जमवलं ते लिहून घ्या. सासरी तूप नको म्हणणाऱ्या सुनेचं लिहा, नाव बदलून. एखाद्या दूध घालणाऱ्या शेतकऱ्याची मुलाखत घ्या: फॅट किती लागते, दर काय मिळतो, पेंड आणि कडबा काय भावाने येतो, हातात काय उरतं. त्याच्या तोंडची वाक्यं तशीच छापा, खाली तुमची टीप नको. वडील तयार असतील तर त्यांचीच घ्या. तुमच्या अंकात त्यांचा हिशेब छापून आलाय हे गावात दिसलं, तर हसणाऱ्यांचं तोंड आपोआप बंद होईल.

छपाईचं गणित सोपं आहे. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात. म्हणून पानं कायम चारच्या पटीत: ८, १२, १६. सोळा पानांच्या अंकाला चार कागद लागतात, म्हणजे आठ बाजू. झेरॉक्सवाल्याचा एका बाजूचा भाव गुणिले आठ, अधिक मधल्या दोन पिना, हा तुमच्या एका प्रतीचा खर्च. शे-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल प्रिंट किंवा झेरॉक्सच परवडतं. त्याहून जास्त हव्या असतील तर ऑफसेटवाल्याकडे भाव विचारा. तिथे प्लेटचा खर्च सुरुवातीलाच बसतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा एका प्रतीचा भाव उतरतो. कागद ७० जीएसएम मॅपलिथो घ्या. चकचकीत आर्ट पेपर घेतला की अंक जाहिरातीसारखा दिसतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. गावचा डीटीपीवाला श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करत असेल तर तुमचा मजकूर तो रूपांतर करून घेईल, आणि त्यात रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. 'वर्ष', 'आश्चर्य', 'दुष्काळ' हे शब्द शोधून शोधून तपासा. मुक्तासारखे फाँट मोफत मिळतात. तिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदीसारखे नाहीत. आणि अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. चाळिशी लागलेल्या माणसाने चष्मा न शोधता वाचलं पाहिजे.

परवानगीचं असं आहे. १८६७ चा जुना छापखाना कायदा गेला आणि त्याच्या जागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ठरावीक कालाने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी छापणारं प्रकाशन त्याखाली येतं, त्याला शीर्षक आणि नोंदणी घ्यावी लागते. अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. पाककृती आणि अनुभवांची, ठरलेला काळ नसलेली पुस्तिका ही त्यातली गोष्ट नाही. पण मुखपृष्ठावर 'मासिक', 'वर्ष १ अंक १' असं छापलंत तर तुम्ही स्वतःच तिला त्या चौकटीत नेऊन बसवता. 'पुस्तिका पहिली' लिहा. प्रकाशकाचं नाव, गाव आणि छापखान्याचं नाव मात्र आतल्या पानावर असू द्या, विशेषतः निवडणुकीच्या काळात. तेव्हा प्रेसवाला निनावी कागद हातातही धरत नाही. पुढे जाडजूड पुस्तक काढलंत तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला देऊ नका.

वाटप करताना तालुक्याच्या आणि गावोगावच्या अनुदानित वाचनालयांत प्रत्येकी दोन प्रती स्वतः नेऊन द्या. ग्रंथपालांशी बोला, चहा प्या (कोरा). टपालाने पाठवलेली पुस्तिका गठ्ठ्यात पडून राहते. एसटी स्टँडजवळचा पेपरवाला, क्लासच्या बाहेरचा झेरॉक्सवाला आणि दवाखान्याची प्रतीक्षा खोली ही बाकीची ठिकाणं. फुकट वाटू नका. दहा रुपये का होईना, किंमत ठेवा. विकत घेतलेला कागद माणूस घरी नेतो.

पैसे आणि नोंदणी

संस्था आत्ता नोंदवू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला सात जण लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पण महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते, आणि मग दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट, असा ससेमिरा मागे लागतो. आठ जणांतला एक अध्यक्ष झाला की उरलेल्यांत दोन गट पडतात, हेही लक्षात असू द्या. बाहेरून देणगी घ्यायची वेळ येईल तेव्हा याचा विचार करा. तोवर पंगतीला माणशी ठरलेली वर्गणी, जमा-खर्चाचा कागद त्याच दिवशी भिंतीवर, आणि उरलेले पैसे पुढच्या पुस्तिकेच्या डब्यात. पैसे एकाच्या फोनवर येत असतील तर हिशेब दुसऱ्याने लिहावा. कार्यक्रमात खाद्यपदार्थांचा स्टॉल लावून विक्री करणार असाल तर विकणाऱ्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. आणि स्टॉलवर पाकीटबंद माल ठेवलात तर हिरवा ठिपका बघून फसू नका. त्या ठिपक्यात दूध बसतं. व्हीगन मालासाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकटीतलं इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान. पाव, बिस्किटं, फरसाण यांच्या मागची घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्या, दूध पावडर कुठेही निघते.

राहिलं व्हिटॅमिन बी-१२. हे मी कुठल्याही नव्या मंडळाला सांगितल्याशिवाय सोडत नाही. दूध सोडलेल्या माणसाला बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. स्पिरुलिना, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांवर भरवसा ठेवता येत नाही. व्हीगन सोसायटीचा सल्ला रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला एकदा २००० मायक्रोग्रॅम असा आहे. गोळी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि ती महाग नसते. हातापायाला मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल तर नुसत्या गोळीवर न थांबता रक्त तपासून डॉक्टरांना दाखवा. तुमच्या मंडळातलं एक पोरगं चक्कर येऊन पडलं तर "बघा, दूध सोडलं की असं होतं" हे पंचक्रोशीत व्हायला एक दिवस पुरतो, आणि ते पुसायला पुस्तिकेचे दहा अंकही पुरणार नाहीत. म्हणून पुस्तिकेचं मागचं पान यासाठी राखून ठेवा, आणि दर वेळी तोच मजकूर मोठ्या अक्षरात छापा.